मातृभाषेवर, पण इंग्रजीत

संशोधन कधीतरी संपतं, प्रबंध कपाटात जातो आणि कपाटाला वाळवी लागते. किस्से तेवढे शाबूत राहतात, उलट वर्षागणिक वाढत जातात. आमच्याकडं जेवणं उरकली की भाची सुरू करते, "मावशी, ते बैलांचं सांग ना." मग बैलांवरून सूनबाईंवर, सूनबाईंवरून सरांवर असं होत चहाची वेळ होते. गुडघे गेले माझे, जीभ अजून चालते.

आधी माणसं सांगते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सांगलीत विश्रामबागेकडं एका भाड्याच्या बंगल्यात शिक्षकांना शिकवण्याचं कॉलेज होतं आणि तिथं आम्ही तिघं एम.एड.साठी प्रबंध लिहीत होतो. मी साताऱ्याची कुमुद जोशी, मुलींच्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आलेली. शरद लिमये पुण्याचा, आणि हे त्यानं सांगायच्या आधीच कळायचं. तिसरा हमीद शेख, मिरजेचा, सतारी-तंबोरे बनवणाऱ्या घरातला. तिघांचा विषय फिरून फिरून एकच होता. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असली, की पोराचं काय होतं?

आमचे मार्गदर्शक बापट सर. मातृभाषेतून शिक्षण हा त्यांचा श्वास होता. फक्त हा श्वास ते इंग्रजीतून घ्यायचे.

* * *

कराडला शिक्षकांचा मेळावा होता, तिथं सरांचं व्याख्यान ठेवलं होतं. खेड्यापाड्यांतले मास्तर आले होते, आजूबाजूचे पाटील आले होते, फौजेतून नुकते सुटून आलेले काही जवान भिंतीला टेकून उभे होते. विषय होता 'मातृभाषेचं महत्त्व'. सर तासभर अस्खलित इंग्रजीत बोलले. मधूनच टेबलावर मूठ आपटायचे, तेव्हा सभा टाळ्या वाजवायची. मूठ कुठल्याही भाषेत कळते.

आभार मानायला एक वयस्क पाटील उठले. म्हणाले, "सायबांनी लय मोलाचं सांगितलं. ज्यास्नी कळलं असंल त्यांनी जेवताना बाकीच्यास्नी सांगावं. मी त्येंच्याच शेजारी बसतो."

परतीच्या गाडीत सर खूश होते. "फार समजूतदार श्रोते होते, मिस जोशी," म्हणाले. हेही इंग्रजीतच म्हणाले.

* * *

हमीदचं वेगळंच होतं. घरी दखनी, मशिदीत उर्दू, शाळेत मराठी आणि दुकानात हुबळी-धारवाडकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी. चारही भाषांत तो माणसाला हसवू शकायचा. इंग्रजी वाचायचा, बऱ्यापैकी लिहायचाही. पण समोर कोट घातलेला मोठा माणूस इंग्रजीत बोलायला लागला, की ह्याच्या तोंडाला कुलूप. घाम फुटायचा बिचाऱ्याला.

आणि त्याला ही डिग्री हवीच होती. लिमयेला काय, नाही मिळाली तरी पुण्यात काकांची शाळा होती. मिरजेच्या एका शाळेत मात्र हेडमास्तरची जागा रिकामी झाली होती. शाळेची कमिटी हमीदला म्हणाली होती, एम.एड. होऊन ये, जागा तुझी. वडील म्हणाले होते, एवढी एक संधी देतो, नाही जमलं तर दुकानात सतारीचे भोपळे तासायला बस. दुकानाची लाज नव्हती त्याला, पण शाळा म्हणजे त्याचा जीव होता. ज्या मोहल्ल्यात तो वाढला तिथली निम्मी पोरं दुसरीतच शाळा सोडायची, आणि ती का सोडतात हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून एकदा धीर करून तो सरांकडं गेला. मी तिथंच होते.

"सर, मी प्रबंध मराठीत लिहू का?"

सरांनी चष्मा काढला. "मिस्टर शेख, मराठीत लिहिलंत तर वाचणार कोण?"

"इंग्रजीत लिहिला तर कोण वाचेल, सर?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कुणीच नाही," म्हणाले, "पण नियम आहे."

* * *

लिमयेची पाहणी म्हणजे एक सोहळा असायचा. डोक्यावर साहेबी सोला हॅट, हातात छापील प्रश्नावली. घरात मुलाशी कोण कुठल्या भाषेत बोलतं, हे घरोघरी जाऊन विचारायचं होतं. तासगावकडच्या एका गावात तो गेला. प्रत्येक घरी बाहेरच्या सोप्यात घरच्या म्हाताऱ्याशेजारी बैठक मारायचा आणि मुलाच्या आईला बोलवा म्हणायचा. आई यायची, पदर डोक्यावरून पुढं ओढून दाराआड उभी राहायची. हा विचारायचा, ती गप्प. पुन्हा विचारायचा, ती पुन्हा गप्प. हा लिहून घ्यायचा.

सांगलीला येऊन त्यानं निष्कर्ष मांडला, की ह्या गावात आया मुलांशी बोलतच नाहीत. बापट सर खुर्चीतून अर्धवट उठले. "आया बोलत नाहीत आणि तरी मुलं मराठी शिकतात! लिमये, हे जगात कुणी मांडलेलं नाही."

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी मी त्याच गावी गेले आणि त्यातल्याच एका घरी सोपा ओलांडून सरळ चुलीपाशी जाऊन बसले. तिथल्या त्या मुक्या सूनबाईनं मला जावेचं बाळंतपण, नणंदेची सोयरीक आणि म्हशीचं दुखणं एका दमात सांगितलं. सांगता सांगता पोराला दोन शिव्या आणि एक गोष्टही दिली.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत हो?"

"आवं बाई, सोप्यात मामंजी बसल्याले. सासऱ्याम्होरं तोंड उघडू व्हय?" ती भाकरी उलटत म्हणाली. मग जरा जवळ सरकून काळजीनं तिनं विचारलं, "त्या टोपीवाल्याला एवढं सुदीक कळंना, म्हंजी त्येच्या घरात बायामाणसं न्हाईत का?"

हे मी लिमयेला सांगितलं. त्यानं ते प्रबंधात घेतलं नाही.

* * *

आता बैलांचं.

मिरजेच्या पुढं, जिथं कानडी मुलूख सुरू होतो, त्या बाजूला एक गाव होतं. तिथल्या शाळेत एक मराठी पोरगा पाच-पंचवीस कानडी शब्द फाडफाड बोलायचा. लिमयेला घबाड सापडल्यासारखं झालं. ह्या वेळी मला शहाणपणा शिकवायला बरोबर घेऊन गेला. पोराचे वडील शेतात नांगरत होते.

"तुमच्या घरात कानडी कोण बोलतं?"

"कोणच न्हाई."

"मग मुलगा शिकला कुठं?"

"बैलांपाशी."

लिमयेनं पेन्सिल खाली ठेवली. "बैल कानडी बोलतात?"

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. हा पाहुणा बरा आहे ना, असं त्याला विचारायचं होतं. "बैल कशाला बोलंल? आमी बोलतो बैलाशी. जोडी कानडी मुलखातनं आणली. वळ, थांब, चल, सगळं त्येंला कानडीतच कळतंय. मग आमीबी शिकलो, पोरगंबी शिकलं."

"पण तुम्ही बैलांनाच मराठी का नाही शिकवलं?" लिमयेनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या प्रश्नावलीत नव्हता, त्याच्या स्वभावात होता.

"गरज कुणाला हाय? मला. बैल काय माझ्याकडं नांगर मागाय आल्ता व्हय?"

लिमयेनं ह्यावर आठ पानं लिहिली, एक तक्ताही जोडला. सरांनी सगळं लाल पेन्सिलीनं तपासलं आणि समासात एकच शंका काढली, की बैलांचं वय दिलेलं नाही.

* * *

हसतेस काय नुसती? मावशीचंही ऐक. माझ्या प्रबंधात बुद्धिमापन होतं. सरांनी थेट लंडनहून चित्रांचा संच मागवला होता. मुलाला चित्र दाखवायचं आणि विचारायचं, ह्यात काय राहिलंय? एका चित्रात टेबल, त्यावर पांढरी बशी आणि बशीच्या उजवीकडं सुरी. डावीकडं काटा नाही. उत्तर आहे काटा.

कृष्णाकाठच्या एका शाळेत मी ते चित्र तिसरीतल्या मुलीपुढं धरलं. तिनं नीट निरखून बघितलं.

"भाकरी न्हाई," म्हणाली.

दुसरी म्हणाली, "कालवण न्हाई." तिसरा जरा भिडस्त होता. तो म्हणाला, "जेवणारं माणूस न्हाई." अख्ख्या वर्गात काटा कुणाला आठवला नाही. नियमाप्रमाणं सगळी मुलं मंदबुद्धी ठरली.

मी सरांना म्हटलं, "सर, उत्तरं बरोबर आहेत. ताट खरंच रिकामं आहे."

सरांनी चित्र उलटसुलट करून बघितलं, मागचा छापखान्याचा शिक्का वाचला आणि माझ्यापुढं ठेवलं. "हे लंडनहून आलंय, मिस जोशी. चूक मुलांचीच असणार." संताप संताप झाला माझा. ती मुलं मी मंद लिहिली नाहीत, आणि त्यापायी एक अख्खं प्रकरण सरांनी मला काढून टाकायला लावलं.

* * *

तोंडी परीक्षा जवळ आली तसा हमीद वाळायला लागला. प्रबंध झकास झाला होता त्याचा. सहावं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. गल्लीत चुरूचुरू बोलणारं पोरगं वर्गात गेलं की मुकं का होतं, आणि मास्तर त्याला ढ का समजतात, ह्यावर होतं ते. पण मुंबईहून येणाऱ्या परीक्षकांपुढं हे सगळं इंग्रजीत बोलायचं होतं.

आम्ही तालीम सुरू केली. लिमयेनं काकांचा कोट मागवला, टाय बांधला आणि टेबलापलीकडं बसून भुवया चढवून इंग्रजीत प्रश्न टाकायला लागला. हमीदनं पटापट उत्तरं दिली. एकदा नाही, आठवडाभर रोज दिली. आम्ही दोघं खूश.

हमीदचाच चेहरा पडलेला. "ह्याचा काही उपयोग नाही, ताई."

"का रे? छान बोलतोस की."

"लिमयेला कोण घाबरतंय?"

लिमये दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून आला आणि म्हणाला, "मी आवाज चढवून बघू का?" लिमयेवर मी आयुष्यभर हसत आले, पण ह्या एका वाक्यासाठी त्याला मनातून माफ केलंय.

* * *

परीक्षा बंगल्याच्या मधल्या खोलीत होती. दाराला नुसता पडदा, आणि पडद्याबाहेर बाकावर मी आणि लिमये. आमचं दोघांचं सकाळीच उरकलं होतं. परीक्षक मूळचे कोकणातले, मुंबईत मोठ्या हुद्द्यावर. भर उन्हाळ्यात थ्री-पीस सूट घालून आले होते.

हमीद आत गेला. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, पाहणीसाठी मुलं कशी निवडलीत?

"येस सर," हमीद म्हणाला.

बापट सर खोकले. परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारला. पुन्हा "येस सर." बाहेर लिमयेनं डोळे मिटून घेतले. शाळा गेली, हेडमास्तरकी गेली, भोपळे आले, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिसरा प्रश्न परीक्षकांनी एकेक शब्द सुटा करून विचारला. हा प्रबंध तुम्हाला दुसऱ्या कुणी लिहून दिला का?

आता हा "येस सर" म्हणाला तर संपलंच. हमीद काहीच बोलला नाही. मग परीक्षकांचा तोल गेला, आणि माणसाचा तोल जातो तेव्हा तो घरच्या भाषेत जातो. टेबलावर प्रबंध आपटून ते मराठीत कडाडले, "अहो, दोन वाक्यं बोलता येत नाहीत तुम्हाला! मग एवढी पानं लिहिली कुणी?"

"मी लिहिली, साहेब," हमीद ताबडतोब म्हणाला. "आणि पोरगं मास्तरांपुढं गप्प का बसतं, ते सहाव्या प्रकरणात लिहिलंय."

पडद्याआडून पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

"बसा," परीक्षक मराठीत म्हणाले. "पहिला प्रश्न परत विचारतो."

त्यानंतर हमीद जो सुटला तो थांबेना. मोहल्ल्यातली पोरं, त्यांच्या आया, दुकानातली कानडी गिऱ्हाइकं, सगळी त्या खोलीत येऊन बसली. परीक्षक दोनदा मोठ्यानं हसले. एकदा त्यांनी स्वतःचं लहानपण सांगितलं, चौथीत इंग्रजीच्या मास्तरांना भिऊन आपण माडीवर कसे लपून बसायचो ते.

हमीद बाहेर आला, बाकावर मटकन बसला आणि रडला. आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात आतून बापट सरांचा आवाज आला.

"पण सर, परीक्षा इंग्रजीतच झाली पाहिजे असा नियम आहे. मराठीत झाली असं कळलं तर ती रद्द होईल."

आता आत दोघं हळू आवाजात इंग्रजीत बोलायला लागले. शेवटी परीक्षक म्हणाले, "मग तसं लिहा, कुणाला शंकाच यायला नको." सरांनी लिहिलं आणि परीक्षकांनी खाली सही ठोकली. उमेदवाराचं इंग्रजी संभाषणावर असामान्य प्रभुत्व आहे.

हमीद पास झाला. जूनमध्ये मिरजेच्या शाळेनं त्याला हेडमास्तर केलं. कमिटीनं तो शेरा भर सभेत वाचून दाखवला आणि मॅट्रिकच्या वर्गाचं इंग्रजी त्याच्याकडं दिलं.