फुटलेल्या नेवऱ्या

रोह्याच्या कंपनी कॉलनीत आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, दुसरं कॉलनीतल्या एकुलत्या एक ख्रिस्ती घराचं. तिथली बाई कोर्लईची, मी पेणची. नाताळच्या सकाळी ती नेवऱ्यांचं, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांचं, ताट आणायची आणि मी तेच ताट पोह्याच्या पापडांनी भरून परत करायची. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त.

मग कॉलनीत केबल आली आणि महिला मंडळाला नाताळ सुचला. साहेबांच्या बायकोने, म्हणजे मॅडमनी, चिठ्ठ्या काढल्या. आपल्या चिठ्ठीत जिचं नाव येईल तिच्यासाठी भेट घ्यायची आणि नाताळच्या संध्याकाळी हॉलमध्ये द्यायची. पहिल्या वर्षी रुमाल, साबण असं चाललं. दुसऱ्या वर्षी कपबश्या आल्या. तिसऱ्या वर्षी मॅडम हसत हसत म्हणाल्या, "यंदा जरा शोभेल असं आणा हं." झालं! मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. सगळ्यांवर कडी करायला पेणहून काचेचा डिनर सेट आणला आणि नवऱ्याला सांगितलं, सेलमध्ये मिळाला. कसला सेल! मुलीच्या स्वेटरचे पैसे होते ते. त्या थंडीत पोर माझी शाल गुंडाळून शाळेत जात होती.

त्याच नाताळला ताट आलं नाही. पापड तयार ठेवून मी दहापर्यंत वाट पाहिली, मग समोरचं दार ढकललं. आत तळणाचा वासही नव्हता.

"काय गो, बरं नाय काय?"

"बरी हाय वहिनी. ह्या वर्षी काय केलंच नाय." तिने कपाटावरच्या रंगीत कागदातल्या खोक्याकडे पाहिलं. "चिठ्ठीत मॅडम आल्या. त्यांच्यासाठी इस्त्री घेतली. मग तूप, नारळ, सगळंच राहिलं. पोरांना सांगितलंय, पुढच्या वर्षी करू."

माझं डोकंच फिरलं. ज्यांचा हा सण नाही अशा आम्ही सगळ्या नाताळ-नाताळ खेळत होतो आणि जिचा सण, तिच्याच घरी गोडधोड नव्हतं. मॅडमचा राग आला, पण त्याहून जास्त माझाच आला.

घरातून रवा, तूप, साखर आणि दोन नारळ घेऊन आले. ती नको नको म्हणत होती. मी ऐकते होय! तिने सारण केलं, मी लाटायला बसले. पेणचा हात, त्याला पापडाची सवय. पारी इतकी पातळ लाटली की निम्म्या नेवऱ्या तेलात फुटल्या.

"वहिनी, पापड नाय लाटायचा हाय!" म्हणत ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पोरांनी फुटलेल्या नेवऱ्या गरम गरमच फस्त केल्या.

संध्याकाळी हॉलमधल्या टेबलावर, चकचकीत खोक्यांच्या मधोमध, मी उरलेल्या नेवऱ्यांचं स्टीलचं ताट ठेवलं.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या दोघींची भेट. हिने आणलेली इस्त्री उद्या दुकानात परत जाणार."

ती मागून माझा पदर ओढत होती.

"अहो, आपण गंमत म्हणून करतो हे," मॅडम म्हणाल्या.

"गंमत आपली, पण सण तिचा आहे. आज तिच्या पोरांना गोड मिळणार नव्हतं."

मॅडम खोक्यांकडे वळल्या. ताट मात्र रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार इस्त्री परत घेईना. मी त्याच्या पायरीवरच ठिय्या दिला, तेव्हा दुपारी घेतली. माझा डिनर सेटही पेणला परत गेला आणि पोरीला स्वेटर आला. मंडळाने आगाऊपणाचा ठपका ठेवून मला चिठ्ठ्यांतून काढलं. काढलं तर काढलं! सभेला मात्र मी मुद्दाम जाऊन बसायची.

पुढच्या डिसेंबरात चिठ्ठ्यांचा डबा फिरत फिरत तिच्यापुढे आला. मॅडमसमोर जिची मान कधी वर झाली नव्हती, तिने डबा हातात घेतला आणि चिठ्ठी न काढताच पुढच्या बाईकडे दिला.

"मी नाय," ती म्हणाली. "माझ्या घरी सण हाय."