सहीची रिकामी जागा

शेवाळेबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात, त्यांच्याच टेबलावर, वरून मागवलेली कसली तरी माहिती ऑनलाइन भरत बसलो होतो. ग्रुपवरचा मेसेज वाचला आणि उगाचच खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्यांना रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं... आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत ते वर्ष मी घालवलं.

आमची शाळा महापालिकेची. बाई मुख्याध्यापिका, मी त्यांच्या हाताखालचा मास्तर. रोज सकाळी गेटवर उभ्या राहून त्या एकेका पोराला नावाने हाक मारायच्या. "न आलेलं पोरगं हजेरीपटाच्या आधी इथं कळतं," म्हणायच्या. स्वतःचा मुलगाही त्यांनी याच शाळेत शिकवला. "खानावळवालाच घरून डबा आणायला लागला, तर गिऱ्हाईक जेवेल का हो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही हसायचो. आमची पोरं स्कूलबसने इंग्रजी शाळेत जायची ना!

दर मे महिन्यात पहिलीला मुलं मिळवायला आम्ही घरोघर फिरायचो. दहा वर्षांपूर्वी तळवलीत एका ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईने मला विचारलं, "सर, तुमची पोरगी कंच्या शालेन हाय?" माझी लेकही तेव्हा पहिलीतच जायची होती, ऐरोलीच्या इंग्रजी शाळेत तिची अॅडमिशन झालेली. मी बेधडक म्हणालो, "आमच्याच." शेवाळेबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माउलीने मात्र तिथल्या तिथे आपल्या पोरीचं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर प्रवेशाचा फॉर्म. माझ्या लेकीचं नाव, पत्ता, सगळं बाईंच्या टपोऱ्या अक्षरात.

"सही तेवढी राहिलीय, सर. कालचं बोलणं अजून खरं करता येईल."

"घरी विचारतो," म्हणालो. विचारलं कुठलं! चार दिवसांनी बाईंनी फॉर्म उचलला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटलं, सुटलो. आता स्वतःचीच चीड येते. एकदा तरी म्हणायला हवं होतं, बाई, चुकलं माझं...

दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा शाळेत आला, बाईंची मे महिन्यात घरोघर फिरतानाची कापडी पिशवी घेऊन. "शाळेचे कागद आहेत, सर, आई म्हणायची परत द्यायचेत." कोरे फॉर्म होते, खडूचा तुकडा होता आणि तळाशी, घडी घातलेला, तो फॉर्म. सहीची जागा तशीच रिकामी. लेक आता अकरावीला आहे.

येत्या मे महिन्यात हीच पिशवी खांद्याला लावून मला फिरायचंय. कुणीतरी विचारेलच. या वेळी खरं सांगेन म्हणतो... पण ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं, त्या शेजारी नसतील.