मागे सरकलेली सीट

बाळांनो, परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुझी गाडी विकली का?" मी "नाही रे" म्हणाले आणि विषय बदलला, कारण पलीकडे तुमचे बाबा बसलेत हे त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं. नाताळच्या सुट्टीत ते इकडे येणार आहेत. ते येऊन निकाल देण्याआधी माझी बाजू तुमच्याकडे लेखी असावी, म्हणून आत्ताच लिहिते आहे. मोठीने धाकट्याला वाचून दाखवावं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण संशय मला मराठीतच येतो, म्हणून हे मराठीत.

गाडी तुम्ही पाहिली आहे. पेट्रोलवर चालणारी, उंच, जुनी एसयूव्ही. चढताना आजोबांना दाराच्या वरची मूठ धरावी लागते. मला ती हवी आहे ती एकाच कारणासाठी. माझी थोरली बहीण खाडीपलीकडे राहते आणि तिला आता घराबाहेर पडता येत नाही. चौलहून आगरदांड्याला जायचं, गाडी फेरीबोटीत चढवायची, दिघीला उतरवायची आणि पुढे तिच्या गावी. दर आठवड्याला एक रात्र मी तिच्याकडे राहते. एसटी बदलत, रिक्षा शोधत हे माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. गाडी गेली की आमची भेट संपली.

आमच्या आळीत एवढी गाडी वळत नाही, म्हणून ती माझ्या पुतण्याच्या, म्हणजे दिराच्या मुलाच्या, आवारात उभी असते. त्याचे ट्रक आहेत. आवार मोठं आहे.

दिवाळी झाल्यावर सकाळी जरा गारवा पडायला लागला, तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी मी ताईकडून परतले होते. सकाळी बाजारात जायला गाडीत बसले, तर पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट मागे गेली होती. मी ती अगदी पुढच्या खाचेत ठेवते आणि पाठीशी उशी घेते. सीट आपोआप सरकत नाही. तरी ती पुढे ओढून चावी फिरवली. इंजिन लागलं, पण असं थरथरलं की स्टीअरिंगवर माझ्या बांगड्या वाजायला लागल्या. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकला. गाडी गरम झाल्यावर आवाज सरळ झाला, दिवा मात्र दोन-तीन दिवस तसाच राहिला.

घरी येऊन आजोबांना सांगितलं.

"कोणीतरी झोपलं असेल तिच्यात," ते पेपरमधून मान वर न काढता म्हणाले.

"अख्खं आवार मोकळं पडलंय. माझ्या गाडीत कशाला झोपेल?"

"तुझी उशी आहे ना."

मी हसले नाही. संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "आई, सकाळी स्टार्टिंगला त्रास देते का गं गाडी?" मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. आजोबा तर फोनला हातही लावत नाहीत. फोन ठेवल्यावर मी दाराजवळच्या खुंटीकडे गेले. तिथे गाडीची दुसरी चावी असते. खुंटीवर नुसती कडी होती.

त्यानंतर दर आठवड्याला तेच. ताईकडून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी सीट मागे, थरथर, पिवळा दिवा. गॅरेजवाल्याला दाखवली. तो बॉनेट न उघडताच म्हणाला, "आजी, बोटीतून नेता ना? खाऱ्यानं खाल्लंय आतून. मशीन खोलावी लागेल. त्यापेक्षा काढून टाका." काढून टाका, हे नेमके तुमच्या बाबांचे शब्द. गॅरेजवाल्याच्या तोंडी ते कसे आले, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

मग तुम्ही पाठवलेलं ते गाडीचा बिघाड सांगणारं काड्यापेटीएवढं यंत्र काढलं. स्टीअरिंगखालच्या खाचेत बसवलं. फोनवर बिघाडाचा कोड उमटला: पी शून्य तीन शून्य दोन. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मोठीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आजी, ठिणगी देणारी दोन नंबरची कॉइल तीनवर लाव आणि तीनची दोनवर. कोड तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागेवर राहिला तर भानगड वेगळी."

कॉइल बदलूनही कोड दोनवरच राहिला. भानगड वेगळीच होती, आणि ते मला कॉइल काढण्याआधीच कळायला हवं होतं. गाडीला खारं लागत असेल तर ते जातानाही लागणार. पण ताईच्या दारात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका झटक्यात लागते, कुरकुर नाही, दिवा नाही. तीच खाडी, तीच बोट, तसाच गारवा. म्हणजे दोष खाडीत नव्हता. दोष आवारात होता.

पुढच्या खेपेला परतल्यावर मी सकाळी चावी फिरवलीच नाही. सीट मागे गेली आहे हे पाहिलं, बॉनेट उघडलं, दोन नंबरच्या कॉइलचा बोल्ट सोडवला आणि ती वर ओढली. तिची लांब रबरी टोपी ओली होती. जिथे प्लग बसतो त्या खोल भोकात टॉर्च मारला, तर आत पाणी चमकलं. मी रबराला बोट लावलं आणि ते जिभेवर टेकवलं. तुम्ही असं काही करू नका. पण मला कळायचं ते कळलं. पाणी खारं नव्हतं. आमच्या विहिरीसारखं मचूळही नव्हतं. गोडं होतं, आणि त्याला साबणाची चव होती. आमच्या भागात गाडी धुण्याइतकं गोडं पाणी एकाच माणसाकडे असतं. तो टँकर मागवतो.

पुतण्या ट्रकच्या पायरीवर बसून चहा पीत होता.

"माझ्या गाडीत पाणी कोणी ओतलं?"

"ओतलं न्हाय काकू, धुतली! बोटीतून आली का खारं बसतं ना तिच्यावर. सकाळी माझे ट्रक धुतो, त्यातच तुमचीपन रॅम्पवर घेतो. मशीनपन धुतली, पान्याची गन मारून. एकदम चकाचक."

"आणि आत शिरलास कसा?"

त्याने खिशातून जुडगा काढला. ट्रकच्या चाव्यांमध्ये माझी चावी होती. "दादानं दिली, मागल्या खेपेला. बोलला, आईच्या गाडीवर लक्ष ठेव."

"मला विचारायचं नाही?"

"विचारून तुम्ही दिली असती? तुम्ही तिच्यावर मला टॉवेलपन टाकू देत न्हाय."

हे खरं होतं. मी त्याला बॉनेटपाशी नेलं आणि सांगितलं, तुझे ट्रक डिझेलचे, त्यांना ठिणगीचे प्लग नसतात. गन मारलीस तरी ते लागतात. ही पेट्रोलची. हिच्या प्लगपाशी पाणी साठलं की ठिणगी भलतीकडे जाते. गरम झालं की पाणी उडून जातं, म्हणून ती नंतर बरी चालते.

तो वाकून भोकात बघत राहिला. "म्हंजे मीच बिघडवली?"

"बिघडवली नाहीस. ओली केलीस." मग मी अंदाजानेच विचारलं, "आणि गिऱ्हाईक कधी आलं होतं?"

त्याने कप मडगार्डवर ठेवला, लगेच उचलला. "एकच आलेला. दादा बोलला, दाखव. मी दाखवली. सकाळचा टाइम होता, ही लागली थरथराया. तो बोलला, नको रे बाबा, आणि गेला. मी दादाला तसं सांगितलं पन."

म्हणजे तुमच्या बाबांना बातमी कुठून मिळाली तेही कळलं. आणि हेही कळलं, की त्या पाण्याने माझी गाडी बिघडली नसती, तर ती त्याच दिवशी गेली असती. मी रागावायला आले होते.

त्याने टायरची हवा भरायचा पाइप आणला आणि भोकातलं पाणी फुंकून काढलं. मी रबर पुसलं, कॉइल बसवली, कोड पुसला. गाडी लागली. बांगड्या वाजल्या नाहीत.

"काकू, आता मशीनला हात न्हाय लावत. वरून तरी धुवू?"

"वरून धू. उभी आहे तिथेच. बॉनेट बंद ठेवून. आणि चावी दे."

त्याने दिली. इतकी चटकन दिली की मी घरी येऊन गाडीचे कागद काढले आणि मूळच्या दोनच चाव्या होत्या याची खात्री करून घेतली.

त्यानंतर मी दोनदा खाडी ओलांडून आले. दोन्ही सकाळी गाडी नीट लागली. तुमचे बाबा अजून फोनवर विचारतात, "आई, सकाळी लागते ना गं?" त्यात काळजी किती आणि बेत किती, हे मला अजून सांगता येत नाही. ते आले की त्यांना शेजारी बसवून ताईकडे घेऊन जाणार आहे. गाडी मी चालवीन.

ताई आहे. गाडी आहे. सीट पुढच्या खाचेत आहे आणि दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत.