सगळ्यांना सांगितलेली गोष्ट

आमच्या केबलच्या कारखान्याला टाळं लागलं आणि संशोधकांचं पीक आलं. कामगारांच्या वसाहतीत माणसं कशी राहतात, भांडतात कशावरून, रिकामा दिवस कसा काढतात, सगळं त्यांना हवं. दार कुणाचंही ठोठावलं तरी शेवटी ते यायचे माझ्या थोरल्या जाऊबाईंकडेच. कारखाना बंद झाला आणि वर्षाच्या आत भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर गेले. शिवाय जाऊबाई न अडखळता बोलतात. मी त्यांना तोंडावर 'माहितीबाई' म्हणायचे. त्या हसायच्या.

हळूहळू त्यांचा हात बसला. रेकॉर्डरमध्ये घरघर येते म्हणून पंखा स्वतःच बंद करायच्या आणि मग सुरू. भाऊजी सकाळी पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होते. जायचं कुठेच नव्हतं, तरी रोज घालायचे. एक मोजा पायात, एक हातात. इथे त्या थांबून घोटभर पाणी प्यायच्या. मग म्हणायच्या, "काही न बोलता गेले." समोरची पोरं माना खाली घालून लिहायची. सुरुवातीला मला रडू यायचं. नंतर भाजी निवडता निवडता ऐकायला लागले. मन मरतं माणसाचं, दुसरं काय.

पुतणी तेव्हा परगावी नर्सिंग शिकत होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बापाच्या शेवटाबद्दल तिनं आईला कधी विचारलं नाही. सुट्टीत आली की स्वयंपाकघरातून कानावर पडायचं, तेवढंच. या खेपेला मात्र जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाबांचं मला सांग. त्या लोकांना सांगतेस तसं नको."

 जाऊबाई उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

एवढ्या उकाड्यात कशाला, असं मी म्हटलं, पण त्यांना ऐकूच गेलं नाही. पलंगाची कडा आली, मोजा आला. पुतणीनं निमूटपणे पाण्याचा पेला पुढे सरकवला. कुठे थांबणार, हे तिलाही पाठ होतं. जाऊबाईंनी पेल्याकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. मला संताप आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही.

"बाबा खरंच काही बोलले नाहीत?" पुतणीनं विचारलं.

जाऊबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. डोळे कोरडेच होते.

"बोलले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा ती रेकॉर्डरवाली मुलगी विचारायला आली, तेव्हा वाटलं, हे परक्याला कशाला सांगायचं. म्हणून 'काही नाही' म्हटलं. मग दर वेळी तेच म्हणत गेले. आता काय बोलले होते, ते आठवत नाही गं."