कोंडलेल्या राजाचा हक्क

नाशिकहून निघालेली एस.टी. जव्हारच्या घाटात बंद पडली आणि वाहकाने उतारूंना गाडी ढकलण्यास सांगितले. तिकिटाच्या दरात हे श्रम अंतर्भूत नाहीत, असे मी जागेवरून न उठता त्यास बजावले.

“बसा आजोबा. तुमच्यासकट ढकलतो,” तो म्हणाला. पालघर येईपर्यंत माझ्या तक्रारीचा मसुदा तयार होता.

तेथून आगगाडीने बोईसर. पुढे तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर सिमेंट नेणारा ट्रक तेवढा मिळाला. मालवाहू वाहनातून उतारू नेणे बेकायदा आहे, हे मी चालकास सुनावले.

“तो उतर जाइए, बाबूजी.”

मी उतरलो नाही. कारण आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या प्रथम श्रेणीसाठी मला अर्धा गुण कमी होता. त्या अर्ध्या गुणाने मला नऊ वर्षे झुलवले होते, आणि तारापूरची स्पर्धा मंडळास मान्य होती.

किनाऱ्यावर वलांडींना (मासळी वाळवण्याच्या आडव्या बांबूंना) बोंबील लटकत होते. त्यांचा वास शाळेच्या सभागृहातही आमच्यासोबत खेळायला बसला. पहिल्या फेऱ्यांत मी सपाटून हरलो. शेवटच्या फेरीत समोर आले जवळच्या मुरबे गावचे काशिनाथ तांडेल, स्वतःची होडी असलेले धिप्पाड गृहस्थ. त्यांनी माझी सगळी मोहरी एकेक करून उचलली. अखेरीस त्यांनी वजीर सरकवला आणि मी पाहिले : माझ्या राजाला शह नाही, आणि हलायला एकही घर नाही. नियमाने बरोबरी! अर्धा गुण!

“अरे, काका कोंडले!” तांडेल हळहळले. “थांबा, वजीर मागं घेतो. राजाला श्वासापुरती जागा पायजे.”

“खबरदार! वजीर तेथेच राहील!”

“अवो, पण तुमी अडकलाव ना!”

“अडकून राहणे हा माझा हक्क आहे!”

“आमच्या मुरब्यात असा कोंडून कुणी ठेवत नाय. लाज वाटते.”

“आजोबा, वाट देतायत तर घ्या की,” बांधकामावरचा एक साताऱ्याचा कामगार मागून म्हणाला. मी खिशातून नियमावली काढून संबंधित कलम दोनदा वाचले. दुसऱ्यांदा उभे राहून. पंच असलेल्या मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि बरोबरी जाहीर केली.

“काय मानूस हाय! सोडतो म्हनलं तर सुटत नाय!” तांडेल खदखदून हसले. “चला आता जेवायला.”

मी मासे खात नाही हे कळताच तांडेलवहिनींनी वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

परतीच्या गाडीत मी प्रथम श्रेणीचा खेळाडू होतो. वजीर मागे घेण्याच्या त्या बेकायदा प्रथेविरुद्ध आयोजकांना खरमरीत पत्र लिहावे म्हणून मी कागद काढला. परंतु घरमालक, नगरपालिका, रेल्वे अशा अनेकांशी आयुष्यभर भांडताना समोरच्याने आपण होऊन मला वाट दिल्याचे एकही उदाहरण आठवेना. मी मायना बदलला आणि तांडेलांना दिवाळीत नाशिकला खेळायला बोलावले : माझ्या घरी, मुरब्याच्या रीतीने.

प्रथम श्रेणीच्या खेळाडूस असा डाव खेळण्यास कोणतेही कलम मनाई करीत नाही. मी तपासले आहे.