तारखेआधीची रिकामी जागा

रुग्णालयाच्या तळघरातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत तो एकवीस वर्षं यंत्रांच्या तारखा वाचत होता. सगळे त्याला तारीखराव म्हणत. बायको म्हणे, "आधी दुधाच्या पाकिटावरची तारीख वाचत जा." तो हसे, पण हसणंही उरकल्यासारखं.

प्रयोगशाळेतली यंत्रं वॉर्डात रिपोर्ट पाठवत. रिपोर्ट शेवटचा कधी बदलला, ती तारीख वर हेडरमध्ये असे. प्रत्येक यंत्राची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. सगळ्यात जुनं यंत्र आधी महिना लिही, मग दिवस. एक ते नऊ तारखांना अंकाआधी शून्य न लिहिता जागा मोकळी सोडी.

गेल्या महिन्यात चौदा तारखेला त्यानं तारखा वाचणारा प्रोग्राम नव्यानं लिहिला. महिनाअखेरपर्यंत तपासला. एकही तारीख चुकली नाही. आणि तारीख वाचताच आली नाही तर? तर काही बदललं नाही असं धरायचं, हेही त्यानंच ठरवलं. पडद्यावर जुना रिपोर्ट राहील, शेजारी 'ताजा' सांगणारा हिरवा ठिपकाही.

तीन तारखेला सकाळी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"तारीखराव, सात नंबरच्या आजोबांचा रिपोर्ट एकतीस तारखेपासून हललेलाच नाही हो. ठिपका हिरवा, म्हणून आम्ही निर्धास्त. त्या जुन्या रिपोर्टात रक्त पातळ होत नाही असं दिसतं, म्हणून डॉक्टर गोळी वाढवत गेले. आता डोक्यात रक्तस्राव झालाय."

त्यानं प्रोग्राम उघडला. प्रत्येक मोकळ्या जागेवर प्रोग्राम तारखेची ओळ तोडत होता. एक तारखेपासून लागोपाठ दोन मोकळ्या जागा आल्या, एक महिन्यानंतरची, एक शून्याच्या जागची; मधे काहीच नसलेला एक तुकडा निघाला, आणि प्रोग्राम तिथेच अडला. दुरुस्ती एका ओळीची होती. ती करून तो उठेपर्यंत आजोबा गेले होते.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "जुन्या यंत्रावर ढकल. ते काय बोलणार आहे? तुझी निवृत्ती तीन महिन्यांवर आलीय."

"यंत्रानं तारीख बरोबर पाठवली होती, साहेब."

"राजा हरिश्चंद्र होऊ नकोस. नोकरी जाईल."

तो जिना चढून वर गेला. आजोबांची मुलगी बाकावर बसली होती, मांडीवर त्यांचा चष्मा. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. आपल्या हातून झालं, हे आधी, मग कसं.

तिनं बराच वेळ चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या.

"म्हणजे नऊ तारखेपर्यंत असंच चाललं असतं?"

"हो."

"आणि दहाला आपोआप नीट?"

"हो."

"मग बाबांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली, "दहापर्यंत दम धरा म्हणून."

ती थोडी सरकली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. तो तिथे बसला नाही. खाली गेला, आणि चुकांच्या वहीत आजची तारीख घालून पुढे स्वतःचं नाव लिहिलं.