केर न टाकणारा माणूस

शिवशरण हुपरीचा. पैंजण करणारा. चांदीच्या कामात केर टाकत नाहीत, हे त्याला अक्षरांच्या आधी शिकवलं गेलं. कामाच्या खोलीत झाडू दाराकडून आत फिरतो, आतून दाराकडे कधीच नाही. हात धुतलेलं पाणी घमेल्यात ठेवतात. बसायचं गोणपाट फाटलं की जाळतात आणि त्याची राख चाळतात. राखेत चांदी असते. थोडी, पण असते.

नव्वद साली त्या खोलीत पाच जण बसत. फुंकणीचा आवाज, हातोडीचा आवाज, मधूनच एखादी कानडी शिवी. मग मशीनचे पैंजण आले आणि एकेक जण उठला. केरबा सर्वांत शेवटी गेला, पेठ वडगावला कापडाच्या दुकानात. शिवशरणची बायको रत्नव्वा शहाण्णवच्या उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापाने गेली होती. दोन हजार चारला मुलगी विद्याश्री बंगळुरूला नोकरीला लागली. खोलीत शिवशरण उरला. केर कमी झाला होता. झाडायला वेळ तेवढाच लागायचा.

मंगळवारी आणि शुक्रवारी तो एसटीने माल घेऊन कोल्हापूरला, गुजरीतल्या सराफांकडे यायचा. माल दिला की परतीच्या गाडीला दोन तास असत. बंगळुरूला जाण्याआधी विद्याश्रीने त्या दोन तासांची सोय लावली. शिवाजी पेठेत, तालमीच्या बोळात बाळासोचा सायबर कॅफे होता. तिथे तिने बापाला एक खेळ शिकवला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, दोघं त्याला नुसतं बेट म्हणत.

बेटावर देशोदेशीचे चाळीस जण खेळत. प्रत्येकाची एक झोपडी, दारावर नाव, आत चूल. लाकूड जंगलातून आणायचं. चूल आठ दिवस विझलेली राहिली की झोपडीवर वाळू चढायची आणि नाव पुसलं जायचं. माणूस मरत नसे. बिननावाचा फिरत राही. शेजाऱ्याच्या चुलीत लाकूड घालायची मुभा होती.

"मी तिकडनं येतो अप्पा, तुम्ही हिकडनं या," विद्याश्री म्हणाली होती. "मंगळवारी तिथंच भेटायचं."

चार महिने ती आली. पडद्यावर ती बोटभर निळी बाई, तो बोटभर तपकिरी बाप्या. त्याला इंग्रजी टाइप करता येत नसे, म्हणून बोलणं नव्हतं. दोघं झऱ्यावर जात, पाणी आणत, आपापल्या दारात उभी राहत. त्याला तेवढं पुरायचं. पुढे तिची पाळी बदलली. नंतर पाळी पुन्हा बदलली तरी ती आली नाही. निळी बाई बेटावर दिसेनाशी झाली. झोपडीवरचं नाव मात्र तसंच होतं.

तिच्या चुलीत शिवशरण लाकूड घालू लागला. हे त्याने तिला सांगितलं नाही. तिचा रविवारी फोन यायचा. जेवण, हवा, सुट्टी एवढ्यावरच तो संपायचा.

बाकीच्यांनी जंगल तोडलं. होड्या केल्या, दुमजली घरं केली. झाडं गेली तसा बेटावरचा पाऊस मागे सरकला. उत्तरेकडचा झरा आटला. समुद्राने काठची पाच घरं खाल्ली. मग माणसं जायला लागली, चाळिसाची वीस झाली, विसाची सहा.

"पावणं, नवं बेट उघडलंय म्हणं," बाळासो म्हणाला. "नुसती झाडंच झाडं. हितं काय ठिवलंय आता?"

"घर हाय," शिवशरण म्हणाला.

त्याने एकही झाड तोडलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता. दक्षिणेच्या राईत तो फक्त खाली पडलेलं उचलायचा. काटक्या, साली, पालापाचोळा. उचलण्याजोगी वस्तू आली की पडद्यावरच्या बाणाचा पंजा व्हायचा. पंजा आला की तो उचलायचा. दोन्ही चुली त्यावरच चालत. उरलेलं कोठारात रचून ठेवायचा. राईखालची जमीन त्याने इतकी स्वच्छ केली की रत्नव्वाने सारवल्यासारखी दिसे.

दोन हजार सहाच्या थंडीत बेटावर तो एकटाच राहिला. तेव्हाच राई वाळायला लागली. झाडं उभ्याउभ्या राखाडी होत आणि पुढच्या खेपेला नसत. आणि उत्तरेला, जिथे लोकांनी बुंधे तेवढे ठेवले होते आणि आता कुणी फिरकत नव्हतं, तिथे हिरवे ठिपके दिसू लागले. शिवशरणला हे अन्यायाचं वाटलं. आधी त्याला चोराचा संशय आला. पण चोरायला बेटावर दुसरं कुणी नव्हतं.

खेळाचे नियम इंग्रजीत होते. रविवारी त्याने विद्याश्रीला विचारलं, पण स्वतःचं नाव न घेता. कॅफेत एकाची अशी अडचण झालीय, एवढंच सांगितलं. सोमवारी दुपारी तिचा फोन आला. तो भट्टीपाशी बसला होता.

"अप्पा, खाली पडल्यालं उचलायचंच न्हाय. ते कुजतं, त्याची माती हुतीया. मातीच न्हाय म्हटल्यावर झाड कशावर जगंल?"

"केरसुदिक उचलायचा न्हाय?"

"त्यो केर न्हवंच की." ती हसली. "कोण ओ त्यो येडा? सगळं बेट झाडून काढलं?"

"हाय एक," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ कोपऱ्यातल्या झाडूकडे बघत राहिला.

मंगळवारी त्याने झाडं मोजली. अकरा. कोठारात वर्षभर दोन्ही चुली चालतील एवढा पालापाचोळा होता. म्हणजे नाव राहू शकत होतं. भोवती वाळू, मधे एक पेटती चूल, दारावर विद्याश्रीचं नाव. तिथे कुणी येणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि विझवणं यांत अंतर असतं. त्याने थोडं चुलींना दिलं, थोडं झाडांखाली पसरलं. शुक्रवारी झाडं नऊ होती.

त्या शुक्रवारी त्याने कोठार रिकामं केलं. खेळात एका वेळी एकच पाटी उचलता येई. दोन तास तो पाट्या नेत होता आणि राईत उलट्या करत होता. पैंजणाच्या कड्या डाक लावून जोडणारं मनगट भरून आलं. बाळासोने मागून डोकावून विचारलं, पावणं, घर बदलताय काय. शिवशरणने मान हलवली, होकाराची की नकाराची ते बाळासोला कळलं नाही. शेवटची पाटी त्याने तिच्या दारासमोर बराच वेळ धरून ठेवली. मग तीही झाडांखाली ओतली.

पुढच्या मंगळवारी दोन्ही चुली थंड होत्या. शुक्रवारी वाळू उंबऱ्यापर्यंत आली होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन्ही झोपड्या नव्हत्या. झाडं नऊच होती.

रविवारी फोनवर तो म्हणाला, "तुझी झोपडी पडली ग."

तिला आधी समजलंच नाही. मग ती हळू म्हणाली, "माझी हुती व्हय अजून?"

पलीकडे रहदारीचा आवाज येत राहिला. दोन वर्षं चूल कोण पेटवत होतं, हे तिने विचारलं नाही. विचारायला काही उरलं नव्हतं. जेवलीस का, त्याने विचारलं. ती जेवली होती. या मंगळवारी बेटावर येईन म्हणाली.

मंगळवारी गुजरीतून तो चालत शिवाजी पेठेत गेला. नेहमीच्या खुर्चीत बसला. पडद्यावर बिननावाचा तपकिरी बाप्या राईत उभा होता. दीड तास झाला. निळी बाई आली नाही.

त्याच्यासमोर झाडावरून एक पान सुटलं आणि खाली पडलं. बाण त्यावर गेला, बाणाचा पंजा झाला. शिवशरणने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"अर्धा तास हाय अजून पावणं," बाळासो म्हणाला.

तो अर्धा तास तसाच बसून राहिला.